फौजेतून मुदतीआधी पेन्शन घेऊन गावी यायचं : तारीख, पैसा आणि कागद

बूट_ते_बांध :
आमच्या भागातली दोन-तीन पोरं सध्या हाच विचार करू राहिली. घरी म्हाताराम्हातारी, शेती बटईनं, लेकरं शाळेत. "पंधरा झाले, आता स्वतःच्या अर्जावर निघतो" म्हणतात. पण कोण किती देतं, काय हातचं जातं, अर्ज कधी टाकायचा, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. म्हणून एक नमुना ठेवतो, त्यावर बोला. हवालदार, सेवा १७ वर्षं, पुढच्या वाढदिवसाला ४० पूर्ण, बेसिक ३८,१००, दोन लेकरं, वडिलांच्या नावावर सामाईक ६ एकर कोरडवाहू. अग्निवीरांचा विषय इथं नको, त्यांना चार वर्षांनी सेवानिधी मिळतो, पेन्शनचा हिशेबच नाही.

नोंदवही :
आधी पात्रता. जवान, एनसीओ (नाईक-हवालदार), जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांना पेन्शनला १५ वर्षं पात्र सेवा लागते, अधिकाऱ्यांना २०. "पात्र" हा शब्द धरून ठेवा. बिनपगारी रजा, परवानगीशिवाय गैरहजेरी, तुरुंगवास यांचे दिवस वजा होतात. कॅलेंडरवर १५ वर्षं भरली पण शीट रोलवर (सेवेच्या नोंदपत्रावर) २३ दिवस गैरहजेरी पडलेली असेल, तर तो माणूस अजून १५ वर्षांचा नाही. कमी पडलेली सेवा माफ करण्याची तरतूद आहे, पण स्वतःच्या अर्जावर निघणाऱ्याला नियमानं त्यातून वगळलंय. सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाऊन भांडणारे भांडतात, पण त्याच्या भरवशावर कोणी अर्ज टाकू नये. १५ च्या आत अर्जावर निघालं तर मासिक पेन्शन नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे गावात "फौजी" राहाल, सरकारी फॉर्मवर नाही.

दुसरी गोष्ट डिस्चार्ज कोणत्या कलमाखाली होतो ती. आर्मी रूल १३(३) मध्ये भरतीच्या अटी पूर्ण करून सुटणं वेगळं (III(i)) आणि त्या पूर्ण होण्याआधी स्वतःच्या विनंतीवर सुटणं वेगळं (III(iv)). डिस्चार्ज बुकवर जे कलम पडतं ते आयुष्यभर राहतं. ज्याच्या पदाची मुदत भरायला वर्ष-दीड वर्षच उरलंय, त्यानं विनंतीचा अर्ज टाकण्याआधी दहादा विचार करावा. मुदत भरली की वाढीव सेवेला नकार द्यायचा आणि सरळ सुटायचं. हवालदाराची मुदत २४ वर्षं, म्हणजे वरच्या नमुन्याला हा रस्ता ७ वर्षं लांब आहे. नमुना विनंतीतच मोडणार.

वणीचा_रस्ता :
त्यानं फरक काय पडतो भाऊ? पेन्शन तर सारखीच ना?

नोंदवही :
सुटताना सारखीच. फरक ओआरओपीचा, म्हणजे सारख्या पदाला आणि सेवेला सारखी पेन्शन या योजनेचा. नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे की यापुढे स्वतःच्या विनंतीवर मुदतीआधी निघणाऱ्याला वन रँक वन पेन्शन नाही. १ जुलै २०१४ नंतर असे निघालेले लोक २०१९ च्या आणि २०२४ च्या फेररचनेतून बाहेर ठेवले गेले. दर पाच वर्षांनी बरोबरीच्या पदाची पेन्शन वर सरकेल, तुमची सरकणार नाही. महागाई सवलत मिळत राहते, वेतन आयोगाची सुधारणा हा वेगळा विषय आहे, ओआरओपी गेली म्हणून ती जात नाही. या अटीविरुद्ध न्यायाधिकरणात गेलेले लोक आहेत. पण घरचा हिशेब मांडताना ओआरओपी शून्य धरायची.

हिशेबनीस :
आकडे मांडतो. महागाई भत्त्याचा दर जुलै २०२५ चा, ५८ टक्के.

बेसिक ३८,१०० अधिक एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) ५,२०० = ४३,३००. पेन्शन याच्या निम्मी : २१,६५०. पंधरा वर्षांवर सेवा कितीही असो, टक्का ५० च राहतो. म्हणून जास्त वर्षं थांबण्याचा फायदा टक्क्यात नसतो, वाढलेल्या बेसिकमध्ये असतो.

ग्रॅच्युइटी : दर पूर्ण सहामाहीला पगाराचा चौथा हिस्सा. १७ वर्षं म्हणजे ३४ सहामाही, म्हणजे साडेआठ पगार. इथं पगारात महागाई भत्ताही धरतात. ४३,३०० वर ५८ टक्के मिळून ६८,४१४, त्याचे साडेआठ पट ५,८१,५१९.

कम्युटेशन म्हणजे पेन्शन विकणं : फौजेत ५० टक्क्यांपर्यंत विकता येते (मुलकीत ४०). १०,८२५ × १२ × ९.०९ = ११,८०,७९१. ९.०९ हा गुणक पुढच्या वाढदिवसाचं वय ४० असताना.

हातात दरमहा काय :
काहीच नाही विकलं तर २१,६५० + महागाई १२,५५७ = ३४,२०७.
पूर्ण ५० टक्के विकलं तर १०,८२५ + १२,५५७ = २३,३८२.
२० टक्केच विकलं तर एकरकमी ४,७२,३१६ आणि दरमहा २९,८७७.

महागाई सवलत मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळते, विकलेल्या भागावरचीही बुडत नाही. हे पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं, म्हणून ते उगाच घाबरतात.

याशिवाय शिल्लक रजेचे पैसे (जास्तीत जास्त ३०० दिवस), एएफपीपी फंड (फौजेतला भविष्य निर्वाह निधी), आर्मी ग्रुप इन्शुरन्सची (एजीआय) मॅच्युरिटी. हे तिन्ही प्रत्येकाचे वेगळे, म्हणून धरले नाहीत. एजीआयचं घरकर्ज बाकी असेल तर ते इथूनच कापलं जातं.

पऱ्हाटी :
राजेहो, सगळे डोये झाकून ५० टक्के विकतात. बँकेत बारा लाख पडले की दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये. विकायचं की नाही हे कसं ठरवायचं, ते सांगा ना.

हिशेबनीस :
ते उसनवारीसारखंच बघा. ११.८१ लाख आज घेतले आणि १०,८२५ रुपये महिना असे १८० महिने फेडले : एकूण १९,४८,५००. व्याजाचा दर काढला तर वर्षाला सव्वासात टक्क्यांच्या आसपास बसतो. पंधरा वर्षांनी पेन्शन पुन्हा पूर्ण होते. मधेच माणूस गेला तर उरलेली वसुली माफ, कुटुंब निवृत्तिवेतनातून ती कापत नाहीत. मिळालेल्या रकमेवर आयकर नाही.

म्हणजे कर्ज म्हणून हे स्वस्त आहे. घरात सावकाराचं किंवा फायनान्स कंपनीचं अठरा-चोवीस टक्क्यांचं देणं असेल, तर तेवढ्यापुरतं विकून ते मोडावं. पीककर्ज वेळेवर भरलं की व्याजसवलत मिळते, ते फेडायला पेन्शन विकणं मूर्खपणा. आणि विकून नुसती मुदत ठेव करायची असेल तर विकूच नये. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ७.४ टक्के, एकाच्या नावे मर्यादा ९ लाख, त्याचे महिन्याला ५,५५०. सगळे ११.८१ लाख त्या दरानं ठेवता आले तरी महिना साधारण ७,२८०. मुद्दल राहतं हे खरं, पण ते पंधरा वर्षं हात न लावता राहील असं घर मी तरी धरत नाही.

५० टक्केच विकायला हवं असं कुठं लिहिलेलं नाही. हवं तेवढंच विका. सुटल्यापासून वर्षाच्या आत अर्ज दिला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, वर्ष उलटलं की लागते. घाईत फॉर्ममध्ये ५० भरून मोकळं होऊ नका.

आणखी एक. "ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्के मिळतात, तिथं टाकू" असं बँकेतला माणूस सांगेल. निवृत्त सैनिकाला तिथं वयाची सूट आहे, पण ती ५० पासून. चाळिशीतल्याला ते दार बंद.

तूरदाणा :
तारखेचं पण सांगा कोणीतरी. लोक एप्रिलातच निघतात, पेरणी गाठायची म्हणून.

नोंदवही :
तारखेत सर्वात जास्त पैसा सांडतो. तीन गोष्टी बघा.

एक, वेतनवाढ. प्रत्येकाची १ जानेवारी किंवा १ जुलै. जुलैवाला एप्रिलात सुटला तर जुलैची वाढ गेली, आणि ती पेन्शनमधून आयुष्यभर गेली. ३१ जुलै धरा. ३० जून की ३१ जुलै असा वाद असेल तर ३१ जुलै. ३० जूनला सुटलं तर वाढ एका दिवसानं हुकते, मग ती पेन्शनपुरती काल्पनिक मिळवायला कागद घेऊन कोण फिरणार?

दोन, एमएसीपी, म्हणजे प्रमोशन झालं नसलं तरी मिळणारी वरची वेतनपातळी. ८, १६, २४ वर्षांवर मिळते. हवालदार झालेल्याला १६ ची मिळत नाही, कारण दोन पायऱ्या तो चढलेला असतो. पण नाईक असलेला माणूस १५ वर्षं १० महिन्यांवर निघाला तर काय होतं बघा. बेसिक ३६,४०० (लेव्हल ४). १६ पूर्ण झाल्यावर एक वाढ मिळून ३७,५००, आणि लेव्हल ५ मध्ये बसवताना ३८,१००. फरक १,७०० चा. पेन्शनमध्ये ८५०, ५८ टक्के महागाईसह १,३४३ महिना, शिवाय ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशन दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात. दोन महिन्यांच्या घाईची ही किंमत. मात्र प्रमोशन नाकारल्याचं सर्टिफिकेट फायलीत असेल तर एमएसीपी अडते, ते आधी कंपनी क्लार्ककडून बघून घ्या.

तीन, वैद्यकीय. ते खाली कामठी_लाइन सांगेल.

पऱ्हाटी :
३१ जुलैला सुटून खरीप कसा साधणार बापा? इकडं मृगात पाणी पडलं की जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोयाबीन-कपाशी जमिनीत जाते.

नोंदवही :
वार्षिक रजा ६० दिवसांची असते. त्यातली जूनमध्ये घ्या, पेरा, परत जा, महिनाभर क्लिअरन्स करा, सुटा. खतबियाण्याचा पैसा पगारातून बाजूला ठेवा, कारण ग्रॅच्युइटी पेरणीच्या तारखेला येत नाही.

कामठी_लाइन :
वैद्यकीय विषयावर घाई करणारे सर्वात जास्त फसतात. सुटताना रिलीज मेडिकल होतं. शेप-१ (पूर्ण तंदुरुस्त) असलेल्याचं साधं, लो मेडिकल कॅटेगरी असलेल्याचा बोर्ड. कान कमी ऐकू येणं, कंबर, गुडघा, बीपी, शुगर, जे काही आहे ते सेवेत असताना नोंदवलेलं पाहिजे. "बोर्डात अडकलो तर सुट्टी लांबेल" म्हणून पोरं दुखणं लपवतात आणि शेप-१ वर सही करून येतात. नंतर गावी येऊन अपंगत्व पेन्शनचा दावा टाकला की पहिला प्रश्न हाच : रिलीजच्या वेळी का नाही सांगितलं?

स्वतःच्या विनंतीवर निघाला म्हणून अपंगत्वाचा हक्क जात नाही. २००६ पासून तो अडथळा काढलेला आहे. पण दुखणं सेवेमुळे झालेलं किंवा सेवेनं वाढलेलं आणि निदान २० टक्के असलं पाहिजे, आणि ते बोर्डाच्या कागदावर आलं पाहिजे. २०२३ मध्ये नियम बदललेत, म्हणून जुन्या माणसाची टक्केवारी ऐकून स्वतःची धरू नका.

ईसीएचएस : एकदाच भरायचं, हवालदारापर्यंत ३०,०००, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकारी १,२०,०००. कार्डाचा अर्ज सुटण्याआधीच भरा. आईवडील अवलंबितांत घालायचे असतील तर त्यांचं मासिक उत्पन्न ९,००० अधिक महागाई याच्या आत हवं. इथं तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा एकमेकांशी जुळतो का ते बघा. ६ एकरांवर "उत्पन्न शून्य" लिहिलेला दाखला परत येतो.

गावापासून ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक लांब असतं, मोठ्या दवाखान्यात पाठवणारी चिठ्ठी (रेफरल) त्याच्याशिवाय मिळत नाही. तातडीच्या वेळी पॅनलबाहेरच्या दवाखान्यात भरती केलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. हा फोन घरातल्या दुसऱ्या माणसाला करता आला पाहिजे, जो खाटेवर आहे त्याला नव्हे. नंबर देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवला तरी चालेल.

घरची_बाजू :
बायकांच्या कागदांबद्दल कोणी बोललंच नाही. स्पर्शमध्ये (फौजेच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) अडकणाऱ्या बऱ्याच केसेस नावाच्या असतात. फौजेच्या रेकॉर्डवर "वैशाली", आधारवर "वैशालीताई", पॅनवर माहेरचं आडनाव, बँकेत मधलं नाव सासऱ्याचं. पार्ट-२ ऑर्डरमध्ये (लग्न, लेकरं यांची फौजेतली नोंद) लग्नाची तारीख एक, लग्नाच्या दाखल्यावर दुसरी. धाकट्या लेकराची तर ऑर्डरच निघालेली नसते. अर्ज टाकण्याच्या आधी निदान सहा महिने हे बघायला घ्या :

पतीचं नाव, जन्मतारीख : शीट रोल, आधार, पॅन, बँक, चारही ठिकाणी अक्षरन् अक्षर सारखं.
पत्नीचं तसंच, आणि तिची जन्मतारीख रेकॉर्डवर आहे का.
प्रत्येक लेकराची पार्ट-२ ऑर्डर निघाली का.
पेन्शनचं खातं दोघांच्या नावे, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो या पद्धतीचं.

आधार बदलायचं की फौजेचा रेकॉर्ड बदलायचा? जिथं चूक आहे तिथंच बदला. दहावीच्या सनदेशी जे जुळतं ते खरं धरा. रेकॉर्ड ऑफिसचं नाव बदलायला प्रतिज्ञापत्र लागतं आणि वेळ लागतो, आधारचं त्या मानानं लवकर होतं, म्हणून सगळे आधारच बदलून मोकळे होतात आणि मग पॅन जुळत नाही.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा आकडा पण घरी माहीत असू द्या. साधं ३० टक्के : ४३,३०० वर १२,९९० अधिक महागाई. सुरुवातीची काही वर्षं वाढीव दर असतो, नंतर हा. चाळिशीत निघालेल्या माणसाच्या घरात टर्म विमा लागतो तो या खड्ड्यासाठी. सॅलरी पॅकेजच्या खात्यावरचा फुकट अपघात विमा सुटल्यावर तसाच राहतो असं धरू नका, खातं पेन्शन पॅकेजमध्ये बदलून घ्या आणि नवीन रक्कम लेखी मागा.

रिकाम_टेकडा :
पीएम किसान चालू राहते का? आणि लाडकी बहीण?

घरची_बाजू :
दोन्ही नाही. महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असली की पीएम किसानमधून बाहेर (चतुर्थ श्रेणीची सूट फौजीला लावून घेऊ नका). नमो शेतकरी त्याच यादीवर चालतो, तोही गेला. वडिलांच्या नावावरचं शेत, वडिलांचा हप्ता, तो वेगळा कुटुंब म्हणून चालतो. लाडकी बहीणमध्ये घरात पेन्शनर असला की अपात्र. आलेले हप्ते नंतर वसुलीला निघतात, म्हणून आधीच बंद करा.

मिळतं ते घ्या : ग्रामपंचायतीत एका घराची घरपट्टी माजी सैनिकाला माफ आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. लेकरांना बारावीत ६० टक्के असले आणि व्यावसायिक पदवीला गेले तर पंतप्रधान शिष्यवृत्ती, मुलाला २,५०० आणि मुलीला ३,००० महिना.

पऱ्हाटी :
आता शेतीचं माझ्याकडून. पैसा येण्याआधी वाटणी करा. सामाईक गटात स्वतःच्या ग्रॅच्युइटीनं विहीर खोदली तर ती विहीर सगळ्या भावांची. सातबाऱ्यावर तुमचा एकट्याचा गट पडला नसेल तर पाच लाख मातीत गेले समजा. सहमती असेल तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ ची वाटणी, मग फेरफार, मग मोजणी, मग विहीर. हा क्रम उलटा झाला की भाऊ-भाऊ कोर्टात.

६ एकर कोरडवाहूवर पहिल्या वर्षी ट्रॅक्टर नाही. पेरणी-वखरणी भाड्यानं होते. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला ५,३२८ आहे, बाजारात तो मिळेलच असं नाही, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. संत्र्याचं वेड असलेल्यानं ध्यानात ठेवा : ६ बाय ६ मीटरवर एकरी एकशेदहाच्या आसपास झाडं, फळ धरायला पाच-सहा वर्षं, तोवर मजुरी, ठिबक, फवारणी सगळं घरून. पेन्शन ३४ हजार हातात येत असेल तर ही वाट निभते. ५० टक्के विकून २३ वर आलात तर तिसऱ्या वर्षी झाडं वाळतात, कारण उन्हाळ्यात टँकर घ्यायला पैसा नसतो.

वणीचा_रस्ता :
दुसरी नोकरी धरायची असेल तर?

नोंदवही :
१५ वर्षांची सेवा आणि दहावी असेल तर पदवी-समकक्षतेचं प्रमाणपत्र सुटण्याआधी हातात घ्या. राज्याच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण, बँकांमध्ये लिपिक पातळीला १४.५ टक्के. केंद्राच्या भरतीत वयातून सेवेची वर्षं वजा करून वर तीन वर्षांची सूट. सुटायला वर्ष उरलं असतानाही अर्ज करता येतो, युनिटचं प्रमाणपत्र जोडून. पेन्शन घेऊन स्वतःच्या विनंतीवर निघालेला माजी सैनिकच असतो, भरतीची जाहिरात देणाऱ्या कार्यालयात कोणी नाही म्हटलं तर माजी सैनिकाची व्याख्या दाखवा. सिक्युरिटीत जायचं असेल तर माजी सैनिकांसाठीचं राज्याचं मेस्को महामंडळ आहे. डीजीआरचे (सैनिकांच्या पुनर्वसनाचं कार्यालय) कोर्स शेवटच्या वर्षात होतात, घाईत निघणाऱ्याचे ते हमखास सुटतात.

तूरदाणा :
अर्ज टाकल्यावर मन बदललं तर?

नोंदवही :
मंजुरी निघाली नसेल तोवर लेखी मागे घ्या, सीओमार्फत (कमांडिंग ऑफिसर). रेकॉर्ड ऑफिसची मंजुरी आणि डिस्चार्जची तारीख निघाल्यावर मागे घेणं फार अवघड. म्हणून "टाकून तर बघू" असा अर्ज करू नका. कारण लिहिताना घरची अडचण कागदानं दाखवा : वडिलांचे दवाखान्याचे कागद, सरपंच-तलाठ्याचे दाखले, जिल्हा सैनिक कार्यालयाचा अहवाल. "वैयक्तिक कारण" एवढंच लिहिलेला अर्ज परत येतो.

फायनल सेटलमेंटमध्ये डेबिट निघतं का तेही पीएओकडून (पगाराचा हिशेब ठेवणारं कार्यालय) आधी बघा. जास्तीचा भत्ता, प्रवासभत्त्याची जुनी उचल (टीए ॲडव्हान्स), हरवलेलं किट, हे सगळं ग्रॅच्युइटीतून कापतात.

रिकाम_टेकडा :
स्पर्शचं लॉगिन गावात चालते का? सायबर कॅफेवाला म्हणते मी करून देतो.

कामठी_लाइन :
कॅफेवाल्याला पासवर्ड देऊ नका, ओटीपी तर मुळीच नाही. जवळच्या सीएससी केंद्रावर किंवा स्पर्शचं काम करणाऱ्या बँक शाखेत जा. हयातीचा दाखला वर्षाला एकदा, बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर होतो. कापूस वेचून, खत टाकून बोटं झिजलेली असली तर ठसा लागत नाही, मग चेहऱ्याचं ॲप वापरा. आणि सुटताना नोंदवायचा मोबाइल नंबर तो द्या जो गावात रेंज धरतो. पोस्टिंगच्या ठिकाणी घेतलेलं सिम रिचार्ज बंद पडल्यावर दुसऱ्याला जातं, आणि मग नंबर बदलायला पुन्हा केंद्राच्या चकरा.

बूट_ते_बांध :
कम्युटेशनचा फॉर्म ५० वर भरून दिलाय, अजून मंजुरी नाही, असा एक जण आहे. त्याला काय सांगू?

हिशेबनीस :
मंजुरी आणि पैसे निघण्याआधी युनिटमार्फत लेखी बदल मागायला सांगा. पैसे खात्यात पडले की परत करून पेन्शन पूर्ण करता येत नाही. आणि टक्का ठरवण्याआधी घरातलं प्रत्येक देणं व्याजदरासकट एका कागदावर लिहून काढायला लावा. सव्वासातच्या वर किती निघतं, तेवढ्याच रकमेला विकावं.